पत्त्याच्या शेपटीला बांधलेले देश

हिंजवडीकडे जाताना आता जागोजागी नव्या कंपन्यांचे फलक दिसतात आणि त्यातल्या कितीतरी नावांच्या शेवटी ‘डॉट एआय’ असतं. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, असंच कुणीही धरून चालेल. कंपन्यांनाही तेच सांगायचं असतं. इंटरनेटच्या दप्तरी मात्र या दोन अक्षरांपुढे नाव आहे अँग्विलाचं. कॅरिबियन समुद्रातलं ब्रिटनच्या अखत्यारीतलं हे बेट ९१ चौरस किलोमीटरचं आहे. वस्ती साधारण सोळा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. २०२३ साली या बेटाच्या सरकारला ‘डॉट एआय’मधून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाचा हा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग होता.

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येतं, त्याला तांत्रिक भाषेत ‘टॉप लेव्हल डोमेन’ म्हणतात. मी या लेखात त्याला शेपूट म्हणणार आहे. कॉम, इन, एआय, टीव्ही ही सगळी शेपटं. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या मागे लागलोय. कारण ही अक्षरं शोभेची नाहीत. प्रत्येक शेपटाला कुणीतरी मालक आहे, आणि दोन अक्षरी शेपूट असेल तर त्यामागे एखादा भूभाग आणि तिथली माणसं आहेत.

पत्ता शेवटून वाचायचा

पोस्टकार्डावर आपण लिहितो: नाव, मु. पो., ता., जि. पण पत्रांची वर्गवारी करणारा आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव. नाव वाचायची वेळ येते ती पोस्टमन गल्लीत शिरल्यावर. इंटरनेटचा पत्ताही तसाच उजवीकडून डावीकडे वाचला जातो.

प्रत्येक संकेतस्थळ कुठल्यातरी संगणकावर ठेवलेलं असतं आणि त्या संगणकाला एक आकडी पत्ता असतो. आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत म्हणून आपण नाव टाकतो. मग नावावरून आकडा शोधण्याची धावपळ सुरू होते. तुमचा फोन ज्याच्यावर हे काम सोपवतो, तो आधी मूळ नोंदवहीला विचारतो, ‘डॉट इन कुणाकडे आहे?’ या मूळ नोंदवहीच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. तिथून उत्तर मिळालं की तो डॉट इनच्या दप्तराला विचारतो, ‘हे अमुक नाव कुणाकडे?’ आणि शेवटी त्या नावाच्या दप्तराला विचारतो, ‘तुझा आकडा काय?’ हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, आणि मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवलं जातं, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून विचारायला नको.

आधी असं नव्हतं. सत्तरच्या दशकात सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच फाइलीत असायची. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती हाताने सांभाळायचा. संगणक वाढले, फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटून दिलेल्या दप्तरांची पद्धत आखली. आपल्या महसूल खात्यासारखीच ती आहे. सगळ्या राज्याचे सातबारे एका टेबलावर ठेवता येत नाहीत, म्हणून गावोगावी तलाठी.

शेवटून वाचायची ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावण्यासारखी आहे. आमच्या शेजारच्या काकूंना मध्यंतरी मेसेज आला की केवायसी झालेलं नाही, आज रात्री खातं बंद होईल. खाली दुवा होता. त्यात बँकेचं नाव होतं, पुढे ‘डॉट बँक डॉट इन’सुद्धा होतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत याच शेवटावर यायला सांगितलं होतं, आणि काकूंनी ते पेपरात वाचलेलं होतं. त्यामुळे त्यांना तो दुवा खरा वाटला. मी त्यांना म्हटलं, ‘काकू, एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यापुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे वाचत या.’ त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. रेघेच्या लगेच मागे एक परकं शेपूट निघालं, त्याच्या मागे ‘केवायसीअपडेट’ आणि त्याच्याही मागे बँकेचं नाव आणि ‘बँक डॉट इन’. म्हणजे जिल्हा भलताच, आणि घराच्या दारावर फक्त पाटी आपल्या बँकेची. काकूंनी मेसेज पुसला आणि पुढचा अर्धा तास फोनमधले जुने मेसेज उलटे वाचत बसल्या.

दोन अक्षरं वाटली कुणी?

सुरुवातीला नावांचं हे दप्तर जॉन पोस्टेल नावाचा एक संगणकतज्ज्ञ बघायचा. देशांना शेपटं द्यायची वेळ आली तेव्हा अवघड प्रश्न पुढे आला: देश म्हणजे कोण? तैवान देश आहे का, पॅलेस्टाईन आहे का? पोस्टेलने हा वाद अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची, दोन अक्षरी संकेतांची यादी आधीच तयार होती. टपाल, मालवाहतूक, बँका तीच वापरत होत्या. त्याने ती उचलली. १९९४च्या एका टिपणात त्याने स्पष्टच लिहून ठेवलं की देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवण्याच्या उद्योगात आम्ही नाही.

मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की कुणाच्या नशिबी कोणती अक्षरं आली हा निव्वळ योगायोग ठरला. एआय हीच अक्षरं घ्या. आधी ती आफ्रिकेतल्या एका फ्रेंच प्रदेशाची होती, अफार आणि इसा लोकांच्या भूमीची. १९७७ मध्ये तो प्रदेश जिबुती या नावाने स्वतंत्र झाला, त्याला नवी अक्षरं मिळाली, आणि मोकळी झालेली जोडी पुढे अँग्विलाकडे गेली. जिबुतीने जुनं नाव ठेवलं असतं तर आज हा पैसा आफ्रिकेच्या शिंगावर गेला असता.

आपलं डॉट इन १९८९ सालचं. त्याचं दप्तर बरीच वर्षं मुंबईत जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होतं. नियम इतके कडक की २००५ मध्ये सर्वांसाठी दार उघडेपर्यंत जेमतेम काही हजार नावं नोंदली गेली होती. त्या काळात भारतातल्या कितीतरी मोठ्या कंपन्या डॉट कॉमवर गेल्या त्या त्यामुळेच.

अक्षरं विकणं म्हणजे देश विकणं नाही का?

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. त्यावर तुवालूचं उदाहरण बघावं. प्रशांत महासागरातली नऊ छोटी बेटं, सगळी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. विकायला काय, तर मासेमारीचे परवाने आणि टपाल तिकिटं. यादीत त्यांच्या वाट्याला टीव्ही ही अक्षरं आली. २००० साली एका अमेरिकी कंपनीने बारा वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. त्या पैशाच्या आधारावर तुवालूने संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च पेलला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो देश तिथे जाऊन बसला. समुद्राची पातळी वाढतेय, आमची घरं बुडतायत, हे सांगायला त्यांना जगाच्या सभेत खुर्ची हवी होती. ती मिळवायला या दोन अक्षरांची मदत झाली. यात मला विक्री दिसत नाही. कोकणात बाग फळावर देतात तसं हे आहे: आंबा दुसऱ्याने काढला तरी कलमं आपलीच राहतात.

अँग्विलाचंही तेच. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आलं आणि डॉट एआयची मागणी एकदम उसळली. बेट पर्यटनावर जगणारं, आणि २०१७च्या इर्मा चक्रीवादळाने ते पार झोडपून निघालेलं. वादळ आलं की हॉटेलं बंद पडतात, पण पत्त्यांचं नूतनीकरण सुरू राहतं. सरकारला बाराही महिने येणारा पैसा मिळाला.

चागोस

डॉट आयओबद्दल मात्र मला इतक्या शांतपणे लिहिता येत नाही.

प्रोग्रामर मंडळींचं हे लाडकं शेपूट. आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट, आत घेणं आणि बाहेर देणं. संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यातली ही जोडी, म्हणून हजारो तंत्रज्ञान कंपन्यांनी ते घेतलं. प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर फुकट उभी केलेली पानंही त्याच शेपटाखाली येतात, माझंही एक पान तिथे आहे. यादीत मात्र आयओ म्हणजे ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’. प्रत्यक्षात चागोस द्वीपसमूह.

१९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने ही बेटं त्यापासून तोडून वेगळी काढली. तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, आणि तोही माणसांविना. बेटांवर माणसं होती. नारळाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या गुलामांचे आणि मजुरांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढलेले. १९६८ ते १९७३ या काळात त्या सगळ्यांना हलवण्यात आलं. औषधपाण्याला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. लोकांची कुत्री गोळा करून खोबरं वाळवायच्या कोठारात कोंडली आणि धुराने मारली. मग माणसांना बोटीत बसवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवून दिलं.

पोर्ट लुई, जिथे यातले पुष्कळजण उतरले, ते चागोसपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर. हाच तो मॉरिशस, जिथे मराठी वंशाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यांचे पूर्वजही बोटीनेच आले होते, उसाच्या मळ्यात राबायला.

डॉट आयओ १९९७ मध्ये सुरू झालं. ज्या प्रदेशाच्या नावाने ते निघालं तिथे तोपर्यंत एकही मूळ रहिवासी उरला नव्हता, फक्त तळावरची माणसं. शेपूट चालवायला एका खासगी ब्रिटिश कंपनीकडे गेलं. इतक्या वर्षांच्या कमाईतून आपल्याला काही मिळालं नाही, अशी चागोसवासीयांची तक्रार आहे. मला ती रास्त वाटते. अँग्विलात त्याच यादीच्या योगायोगाने लोकांच्या सरकारी तिजोरीत पैसा आला. चागोसमध्ये अक्षरं आली तेव्हा लोकांनाच हाकलून दिलेलं होतं.

फेब्रुवारी २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत दिलं की ब्रिटनने या बेटांवरचा ताबा शक्य तितक्या लवकर सोडावा. ऑक्टोबर २०२४मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी तडजोड जाहीर केली आणि २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. बातमी आली त्या दिवशी माझ्या ओळखीच्या प्रोग्रामर मंडळींत एकच प्रश्न फिरत होता: आमच्या डॉट आयओचं काय होणार?

देश गेला की शेपटाचं काय?

नियम असा: प्रदेश आयएसओच्या यादीतून गेला की शेपटालाही निवृत्त करायचं. त्यासाठी साधारण पाच वर्षांची मुदत मिळते, आणि कारण पटलं तर ती वाढवता येते. ही व्यवस्था बघणारी संस्था आयकॅन, अमेरिकेत नोंदलेली आणि नफ्यासाठी नसलेली. म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश नकाशावरून गेला तरी उद्या सकाळी पत्ते बंद पडणार नाहीत.

इतिहासात दोन्ही प्रकार घडलेत. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू देश फुटल्यावरही रेंगाळलं आणि २०१० मध्ये बंद झालं, त्यावरची सगळी पानं पत्त्याविना झाली. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू मात्र वेगळंच. ते सप्टेंबर १९९०मध्ये मिळालं, देश पुढच्याच वर्षी संपला, आणि शेपूट आजही चालू आहे. तिथे अजून नाव नोंदवता येतं.

मालकी नव्हे, भाडेपट्टा

‘मी पैसे देऊन डोमेन विकत घेतलंय’ असं आपण म्हणतो. ते खरं नाही. डोमेन कुणालाच विकत मिळत नाही. ते ठराविक वर्षांच्या पट्ट्याने मिळतं, आणि पट्ट्याच्या अटी शेपटाचा मालक ठरवतो.

मी हे अनुभवातून शिकलो. आम्ही काही मित्र सह्याद्रीतल्या गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांची नोंद करायचो: कुठलं टाकं बारमाही, कुठलं पाणी पिण्याजोगं, मार्चनंतर कुठे भरवसा ठेवू नये. ती सगळी माहिती आम्ही एका फुकट मिळणाऱ्या शेपटाखालच्या नावावर ठेवली होती. एके दिवशी पान उघडलं तर तिथे जाहिराती. नाव काढून घेतलं होतं, कारण कळवलं नव्हतं, दाद मागायला कुणी नव्हतं. माहितीच्या प्रती आमच्याकडे होत्या म्हणून वाचलो. पण कितीतरी ट्रेकर लोकांनी तो जुना पत्ता आपापल्या वह्यांत लिहून ठेवला होता, छापील पत्रकांवरही तो होता. पाण्याच्या शोधात कुणीतरी तो टाकून बघितला असेल, हे आजही मनाला लागतं.

मोठ्यांचंही असंच झालंय. लिबियाच्या डॉट एलवाय शेपटावरचं एक दुवे लहान करणारं संकेतस्थळ २०१० मध्ये तिथल्या यंत्रणेने धार्मिक कायद्याचं कारण देऊन काढून घेतलं. अफगाणिस्तानच्या शेपटावर क्विअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे, लोकांनी चालवलेली एक समाजमाध्यमाची जागा फेब्रुवारी २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा काबूलमध्ये तालिबान होतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि डॉट ईयूवरच्या ब्रिटिश नोंदणीधारकांना आपली नावं सोडावी लागली. यातल्या बहुतेकांनी शेपूट दिसायला छान म्हणून घेतलं होतं. कायदा कुठला लागू होईल हे कुणी बघितलं नव्हतं.

मग डॉट कॉम घेतलं की सुटलो का? बऱ्याच अंशी हो. पण डॉट कॉमचं दप्तरही अमेरिकी कंपनीकडे आहे आणि तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने नावं जप्त झालेली आहेत. कुठलीच जमीन कायद्याबाहेर नाही. म्हणून नाव घेताना मी आता तीन गोष्टी बघतो: शेपूट कुणाचं, तिथला कायदा माझ्या कामाच्या आड येईल का, आणि नूतनीकरणाचा दर किती. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी चौपट, हा प्रकार सर्रास चालतो.

आपल्या लिपीतलं शेपूट

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतलं ‘डॉट भारत’ सुरू झालं. मराठी आणि कोकणीसकट देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला होता.

पण खालची यंत्रणा अजून रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच जाणते. म्हणून देवनागरी नावाचं आतल्या आत एका संकेतात रूपांतर होतं. ‘भारत’चं होतं एक्सएन, दोन आडव्या रेघा, मग एच२बीआरजे९सी. कुणी दुवा पाठवला आणि त्यात अशी अक्षरं दिसली की लोक घाबरतात, फसवणूक समजतात. ती भीती अगदीच चुकीची नाही. रशियन लिपीतला ‘अ’ रोमन ‘ए’सारखाच दिसतो आणि त्याचा फायदा घेऊन हुबेहूब बनावट पत्ते केले गेलेत. त्यामुळेच ब्राउझर कधीकधी मुद्दाम हे कच्चं रूप दाखवतात.

मराठीची अडचण आणखी नाजूक. आमच्या नव्या नावात ‘दऱ्या’ हा शब्द होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. आपल्या डोळ्यांना फरक लगेच कळतो. पण संगणकावर ‘दऱ्या’ दोन रीतींनी लिहिता येतं. काही कळफलक टिंबाचा ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’ घेऊन मध्ये न दिसणारी एक खूण टाकतात. दिसायला दोन्ही सारखं, संगणकाला वेगळं. एकाच्या फोनवर पान उघडायचं, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघंही शपथेवर सांगायचे की आम्ही बरोबर टाइप केलंय. शेवटी आम्ही तो शब्दच नावातून काढला, आणि सोबत डॉट इनवर रोमन नावही घेतलं.

गेल्या डिसेंबरात आम्ही एका गडाच्या पायथ्याशी चहाला थांबलो होतो. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर आमचा देवनागरी पत्ता छापलेला होता. चहावाल्या आजोबांनी गाळणं बाजूला ठेवलं, चष्मा सावरला आणि एकेक अक्षर जोडत तो पत्ता शेवटच्या ‘भारत’पर्यंत मोठ्याने वाचून काढला. मग विचारलं, ‘यात आमच्या गडाचं टाकं लिवलंय का?’ मी फोन काढून दाखवलं. आमच्या नोंदीत ते बारमाही होतं. आजोबांनी मान हलवली. ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वी दरड आली आणि तेव्हापासून एप्रिलात ते आटतं. तिथेच बसून नोंद बदलली.